टेबलावरची मशीनगन
पायदळाची साहाय्यक शस्त्रे छोट्या पटावर कशी मांडावीत : एक अभ्यासपाठ



गेल्या सत्रात आपल्या छंद मंडळाने इतिहासाच्या खोलीत सेनिओ नदीची लढाई मांडली होती, ती तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. गोल बाजारातून आणलेले रंग, धानाच्या कोंड्याची माती, निळ्या पॉलिथीनची नदी आणि बोटाच्या पेराएवढे सैनिक. पट दिसायला झकास झाला होता. पालकही थांबून पाहत होते.

मग आम्ही खेळायला बसलो. जर्मनांच्या तीन मशीनगन नदीच्या पलीकडच्या बांधावर, अगदी माथ्यावर ठेवल्या होत्या. चित्रपटात असतात तशा, समोरून येणाऱ्यांकडे तोंड करून. आपल्या बाजूच्या मशीनगन आणि उखळी तोफांनी पहिल्या दोन फेऱ्यांतच त्या तिन्ही गप्प केल्या. तिसऱ्या फेरीत मराठ्यांची कंपनी नदी ओलांडून पार झाली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात नववीतल्या एका कॅडेटने विचारले, "सर, मग नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो कशाबद्दल?"

मला उत्तर देता येईना. ज्या प्रसंगासाठी आम्ही हा पट मांडला, त्या प्रसंगाला आमच्या पटावर जागाच नव्हती. चूक मुलांची नव्हती. पट मी आखला होता.

मागे उभे असलेले आपले कवायतीचे उस्ताद, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार साहेब, इतकेच म्हणाले, "सर, मशीनगन आहे कुठे ते कळलं. पण ती बघतेय कुणाकडे?"

हा पाठ त्या प्रश्नातून निघाला आहे.

१. साहाय्यक शस्त्र म्हणजे काय?

रायफल एका शिपायाची असते. तो ती उचलतो, चालवतो, साफ करतो. साहाय्यक शस्त्राला मात्र गडी लागतात, दारूगोळा वाहून आणावा लागतो, आणि ते मांडायला जागा व वेळ लागतो. रायफलवाल्यांना पुढे सरकता यावे म्हणून शत्रूची मान खाली दाबून धरणे, हे त्याचे मुख्य काम.

दुसऱ्या महायुद्धातील इटलीच्या मोहिमेत आपल्या पलटणींकडे जी प्रमुख शस्त्रे होती, ती पायरीपायरीने पाहू.

ब्रेन गन : प्रत्येक सेक्शनकडे एक. वजन सुमारे १० किलो, मॅगझिनमध्ये ३० गोळ्या. प्रभावी पल्ला सुमारे ५५० मीटर. जलद मारा म्हणजे मिनिटाला चार मॅगझिन. हीच गन पुढे ७.६२ मिलिमीटरच्या रूपात भारतीय सेनेत कितीतरी वर्षे राहिली.

दोन इंची मॉर्टर : प्लॅटूनच्या मुख्यालयाकडे. वजन पाच किलोच्या आत, पल्ला सुमारे ४६० मीटर. धुराचे बॉम्ब टाकणे हे त्याचे फार उपयोगाचे काम.

पिआट : रणगाड्याविरुद्धचे शस्त्र, हेही प्लॅटूनकडे. वजन साडेचौदा किलो, आणि रणगाड्यावर खात्रीने मारायचे तर अंतर १०० मीटरच्या आसपास.

तीन इंची मॉर्टर : पलटणीच्या मॉर्टर प्लॅटूनकडे. बॉम्ब साडेचार किलोचा, पल्ला सुमारे २,५६० मीटर. नळी, तिपाईसारखा आधार आणि तळपत्रा असे तीन भाग वेगळे करून वाहून न्यायचे.

व्हिकर्स मशीनगन : ही तर पलटणीकडेही नसे, डिव्हिजनच्या वेगळ्या मशीनगन पलटणीकडून मिळे. गन सुमारे १५ किलो, तिपाई त्याहून जड, आणि नळी थंड ठेवायला सुमारे चार लिटर पाणी. पट्टा २५० गोळ्यांचा. जलद माऱ्यात मिनिटाला एक पट्टा संपतो. खास गोळी वापरली तर पल्ला ४,१०० मीटरपर्यंत.

समोर जर्मनांकडे एमजी-४२. वजन साडेअकरा किलोच्या आसपास, वेग मिनिटाला सुमारे १,२०० गोळ्या. दुपायावर ठेवली की हलकी मशीनगन, तिपाईवर बसवली की जड. एकच शस्त्र, दोन कामे.

मॉर्टरला मराठीत उखळी तोफ म्हणतात. उखळात मुसळ वरून पडते, तसा हा बॉम्ब आकाशात चढून वरून खाली येतो. मशीनगनची गोळी साधारण सरळ जाते. एक आडोशाच्या पलीकडे पडू शकते, दुसरीला आडोसा अडवतो. पाठातला पुढचा सगळा भाग या एका फरकावर उभा आहे, म्हणून तो पक्का लक्षात ठेवा.

२. दोन मोजपट्ट्या

पटावरच्या सैनिकाची एक मोजपट्टी असते आणि जमिनीची दुसरी. नवशिके या दोन्ही एकच धरतात आणि तिथेच गोंधळ होतो.

सैनिकांचे नेहमीचे आकार असे : २० मिलिमीटरचे म्हणजे सुमारे १/७२, १५ मिलिमीटरचे म्हणजे सुमारे १/१००, आणि ६ मिलिमीटरचे म्हणजे सुमारे १/३००. आता गणित करा. १/७२ च्या मापात व्हिकर्सचा ४,१०० मीटर पल्ला होतो ५७ मीटर. म्हणजे टेबल इतिहासाच्या खोलीत आणि लक्ष्य परेड ग्राउंडवर! ६ मिलिमीटरच्या सैनिकांनीही तो पल्ला साडेतेरा मीटरच्या वर जातो. आणि त्या मापात खुद्द व्हिकर्स गन उरते जेमतेम चार मिलिमीटरची, साबुदाण्याच्या दाण्याएवढी.

म्हणून जमिनीसाठी वेगळी मोजपट्टी घेतात. पलटणीची लढाई मांडायची असेल तर १ सेंटिमीटर = १० मीटर हे माप सोयीचे. त्या मापात ग्रेनेडची फेक अडीच सेंटिमीटर, पिआट १० सेंटिमीटर, दोन इंची मॉर्टर ४६, ब्रेन ५५, तीन इंची मॉर्टर २५६ आणि व्हिकर्स ४१० सेंटिमीटर. आपले टेबल १८० सेंटिमीटर लांब आहे. म्हणजे शेवटची दोन शस्त्रे टेबलाच्या कोणत्याही टोकापासून कोणत्याही टोकापर्यंत पोचतात. त्यांच्या बाबतीत "पल्ला किती?" हा प्रश्न पटावर उरतच नाही. "दिसते का? तयार आहे का? गोळा शिल्लक आहे का?" हे प्रश्न उरतात.

पहिल्या डावात मी मशीनगनला ३० सेंटिमीटरचा पल्ला दिला होता, कारण टेबलावर तो शोभून दिसत होता. म्हणजे तीनशे मीटर. चार हजार मीटरच्या गनचा मी तमंचा करून ठेवला होता.

३. नळी दाखवायची की परिणाम?

युद्धाचा खेळ नवा नाही. १८२४ मध्ये प्रशियाचा तोफखान्यातला अधिकारी राइसविट्झ याने नकाशावर ठोकळे ठेवून, फासे टाकून आणि नुकसानीची कोष्टके वाचून खेळायचा खेळ आपल्या सेनेपुढे मांडला. त्यात तोफ म्हणजे एक साधा ठोकळा. ती काय करू शकते, हे कोष्टकात. उलट एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' या पुस्तकात जो खेळ सांगितला, त्यात खेळण्यातली स्प्रिंगची तोफ खरोखर लाकडी तुकडा उडवी. जो सैनिक आडवा झाला तो गेला. मजा वेल्सच्या खेळात जास्त. शिकायचे असेल तर राइसविट्झच्या वाटेने जावे लागते. तुम्ही कवायतीच्या तासाला सँड मॉडेलवर जे शिकता, तेही त्याच वाटेवरचे आहे.

चार मिलिमीटरची गन कितीही नीट रंगवली तरी एका हातावरून ती रायफल की मशीनगन हे कळत नाही. म्हणून आमच्या मंडळाने पुढील पाच नियम ठरवले आहेत. सगळे सामान घरात सापडते.

पहिला नियम : आकारावरून ओळख. सरळ मारा करणाऱ्या शस्त्राला चौकोनी बेस, उखळी माऱ्याला गोल. मॉर्टरसाठी आम्ही कोटाची मोठी बटणे वापरतो. चौकोनी बेसच्या एका कडेला पांढरी रेघ, म्हणजे गनचे तोंड त्या बाजूला. सुभेदार साहेबांच्या प्रश्नाचे उत्तर त्या रेघेत आहे. ब्रेनला वेगळा बेस नाही. ती सेक्शनच्या बेसवरच, रायफलवाल्यांच्या मध्ये. दोन इंची मॉर्टर आणि पिआट प्लॅटून मुख्यालयाच्या बेसवर. वेगळा बेस दिला की मुले त्यांना एकट्याने फिरवू लागतात, आणि प्रत्यक्षात ती एकटी फिरत नसत.

दुसरा नियम : गडी मोजा. गनवर किती माणसे आहेत ते दिसले पाहिजे, आणि ती एकेक करून काढता आली पाहिजेत. १० जुलै १९४४ रोजी इटलीतच, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सेक्शनमधला प्रत्येक जण मारला गेला किंवा जखमी झाला. ते एकटे धावून गेले. ग्रेनेडने गन आणि ती चालवणारा निकामी झाला, एकाला त्यांनी टॉमीगनने टिपले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यांनी तिच्या दस्त्याने मारले. लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून, जिंकलेल्या त्याच ठाण्यात त्यांना मरण आले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या प्रसंगात गन बंद पडल्यावरही तीन माणसे शिल्लक होती. "गनवर सहा पडले, गन गेली" असा नियम ठेवला तर हा प्रसंग तिथेच संपतो, आणि घाडग्यांनी पुढे जे केले ते पटावर येतच नाही.

तिसरा नियम : गोळा मोजा. मोहरीचा एक दाणा म्हणजे एक पट्टा, किंवा चार मॅगझिन, किंवा मॉर्टरचे दहा बॉम्ब. मारा केला की दाणा उचला. तीन इंची मॉर्टरचे दहा बॉम्ब म्हणजे ४५ किलो. ते कुणीतरी पाठीवर किंवा गाडीत घालून आणलेले असतात. हे एकदा लक्षात आले की मुले मोहरी जपून वापरू लागतात.

चौथा नियम : मांडायला वेळ द्या. व्हिकर्स किंवा तीन इंची मॉर्टर हलवली की बेस उलटा ठेवा. पुढच्या फेरीत सुलटा करा. त्यानंतरच मारा. ब्रेनला ही अट नाही, आणि म्हणूनच ती सेक्शनबरोबर असते. मॉर्टरला आणखी एक अट. ती स्वतः पाहू शकत नाही. तिच्यासाठी पुढे बसून "थोडे डावीकडे, थोडे लांब" असे सांगणारा निरीक्षक लागतो. त्याचा वेगळा बेस करा. निरीक्षक गेला की मॉर्टर आधीच्याच जागी मारत राहते, नवे लक्ष्य घेऊ शकत नाही.

पाचवा नियम : आधी दबणे, मग मरणे. मशीनगनच्या गोळ्या जमिनीवर लांबट पट्ट्यात पडतात. गनपासून पुढे सरळ लांब, पण रुंदीला कमी. म्हणून आम्ही तीन सेंटिमीटर रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी गनच्या तोंडापुढे ठेवतो. पट्टीत जो बेस हलतो तो प्रथम 'दबतो'. त्यावर लाल टिकली. दबलेला बेस पुढे जात नाही. दुसऱ्यांदा सापडला तर फासा टाकून नुकसान. ही पट्टी हातात घेऊन एक प्रयोग करून पाहा. समोरून येणाऱ्या रांगेवर आडवी ठेवली तर एक-दोन बेस सापडतात. रांगेच्या बाजूने, तिच्या लांबीला धरून ठेवली तर अख्खी रांग सापडते. मशीनगन बगलेवर का ठेवतात, हे मला वर्गात तासभर बोलून सांगता आले नव्हते. पुठ्ठ्याने दोन मिनिटांत सांगितले.

मॉर्टरच्या माऱ्यासाठी आईची बांगडी मागून आणा. साधारण सहा सेंटिमीटरची बांगडी म्हणजे आपल्या मापात ६० मीटरचे वर्तुळ. हे आम्ही खेळासाठी धरलेले ढोबळ माप आहे. बांगडीच्या आत जो आहे, आपला असो वा शत्रूचा, त्याला धोका.

४. सेनिओ, ९ एप्रिल १९४५

आता पुन्हा त्या नदीकडे वळू.

इटलीच्या सपाट मैदानातून वाहणारी सेनिओ फार मोठी नदी नाही. सॅन पोलिटोच्या उत्तरेला तिची रुंदी १५ फूट, खोली चार-पाच फूट. आपल्याकडचा एखादा मोठा नालाच. पण दोन्ही काठांना पूर अडवायला घातलेले ३० ते ३५ फूट उंचीचे, उभ्या चढाचे बांध. म्हणजे तीन मजली इमारतीच्या दोन भिंती, आणि मध्ये पाणी. दोन्ही बांध जर्मनांनी पोखरून आत खंदक आणि ठाणी केली होती. पूर्वेच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या बांधाच्या आतल्या उतारावर, त्या खंदकांच्या वर, सुरुंगांचा सलग पट्टा होता.

त्या दुपारी विमानांनी आणि तोफांनी तासन्‌तास मारा केला. संध्याकाळी आठव्या भारतीय डिव्हिजनमधल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, जंगी पलटणीने, हल्ला चढवला. एका कंपनीने पूर्वेचा बांध घ्यायचा, तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेचा घ्यायचा, असा बेत होता. तेवीस वर्षांचे शिपाई नामदेव जाधव दुसऱ्या कंपनीत रनर होते, म्हणजे कंपनी कमांडरचा निरोप्या. पाण्यातून पलीकडे निघताच त्या टोळीवर निदान तीन ठाण्यांतून मारा सुरू झाला. कमांडर आणि दोघे जखमी झाले. जाधव सोडून बाकी सगळे मारले गेले.

ती तीन ठाणी कुठे होती? पलीकडच्या बांधावर नव्हती. ती पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावर होती. म्हणजे आपल्या माणसांनी जो बांध नुकताच ओलांडला, त्याच्याच पोटात. गोळ्या पाठीमागून आल्या.

सन्मानपत्रातला हा तपशील मी वाचला होता, तरी पट आखताना तिन्ही गन समोरच्या माथ्यावर ठेवल्या. पटाची सगळी चूक त्या एका जागेत होती.

५. पट पुन्हा मांडला

या प्रसंगाला १ सेंटिमीटर = १० मीटर हे माप चालत नाही; नदी साडेचार मिलिमीटरची होते. म्हणून १५ मिलिमीटरचे सैनिक आणि १ सेंटिमीटर = १ मीटर असे माप घेतले. इथे सैनिकाची आणि जमिनीची मोजपट्टी जवळजवळ एकच झाली. नदी साडेचार सेंटिमीटर रुंद, बांध नऊ ते साडेदहा सेंटिमीटर उंच. एक फेरी म्हणजे एक मिनिट, त्यामुळे दुसरी कंपनी चौथ्या फेरीत पटावर येते. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारात काड्यापेटीचे पाच खण बसवले. तिघांत गन, दोन रिकामे. कोणत्या तिघांत, हे फक्त जर्मन बाजूच्या खेळाडूला माहीत. त्यांच्या वर रांगोळीची एक रेघ, ती सुरुंगांची. ती ओलांडताना फासा टाकायचा. एक पडला तर स्फोट.

मग आपल्या एकेक साहाय्यक शस्त्राला विचारले : तू काय करू शकतेस?

व्हिकर्स पूर्वेला, बांधाच्या मागे. तिच्या नळीपासून शत्रूच्या ठाण्यापर्यंत दोरा ताणून पाहिला. दोरा बांधाला टेकला. बांधाच्या पोटातले ठाणे तिला दिसत नाही. व्हिकर्स लांबवरून तिरपा मारा करून टेकडीपलीकडे गोळ्या पाडू शकते हे खरे. पण अलीकडच्याच बांधाच्या उभ्या उताराला त्या लागणार कशा?

तीन इंची मॉर्टरचा बॉम्ब वरून पडतो. ती तरी पोचेल? पोचेल. पण या मापात ६० मीटरचे वर्तुळ म्हणजे ६० सेंटिमीटर. बांगडी पुरेना. एका कॅडेटने घरून कणकेची मोठी परात आणली. ती ठेवली तेव्हा दोन्ही बांध, नदी, तिन्ही ठाणी आणि आपली सगळी माणसे तिच्याखाली झाकली गेली. मॉर्टरवाला खेळाडू परात हातात धरून थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने ती खाली ठेवली आणि म्हणाला, "मी मारत नाही."

दोन इंची मॉर्टरचा धूर? कापूस ठेवून पाहिला. पाच-दहा मीटरवरच्या गनला नेम धरायची गरज नसते. नदीच्या दिशेने ठरलेल्या पट्टीत गोळ्या सोडल्या की पुरे. धूर आपल्यालाच आंधळे करत होता.

ब्रेनवाले पाण्यात, पाठमोरे. वळून मारा करावा तर पट्टी आधी त्यांच्यावर.

अशी एकेक करून सगळी शस्त्रे बाजूला झाली. टेबलावर उरला ग्रेनेड, ज्याची फेक या मापात २५ सेंटिमीटर, आणि तो हातात घेऊन जाणारा माणूस. पाचव्या नियमाने तो माणूस दबतो. दबला की हलत नाही. आमच्या नियमांप्रमाणे डाव इथे संपतो.

त्या संध्याकाळी तो संपला नाही. जाधवांनी एका जखमीला उचलून पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधापलीकडे नेले. परत येऊन दुसऱ्याला नेले. दोन्ही वेळा मशीनगन आणि मॉर्टरचा मारा चालूच होता. तिसऱ्यांदा येऊन जवळच्या ठाण्यावर टॉमीगन घेऊन धावले आणि ते गप्प केले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून ग्रेनेड घेतले. आणखी दोन ठाणी ग्रेनेडने संपवली. मध्येच ग्रेनेड संपले, म्हणून सरपटत माथ्यावर जाऊन मागच्या उतारावरच्या साथीदारांकडून नवे घेतले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून, मॉर्टरचा मारा सुरू असताना, शिवछत्रपतींच्या नावाची गर्जना करून उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले.

आम्ही तो डाव चार वेळा खेळलो. 'दबलेला बेस हलत नाही' हा नियम फक्त एका प्याद्यासाठी उठवला. तरीही तिन्ही ठाणी एकदाही पडली नाहीत. दोनदा ते प्यादे पहिल्या जखमीला आणतानाच गेले. एकदा ग्रेनेडचे दाणे संपले आणि माथ्यापर्यंत पोचता आले नाही. चौथ्या डावात दोन ठाणी पडली, तिसऱ्याने कंपनी अडवून धरली.

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. नववीतल्या त्या कॅडेटने टाचण्यांची डबी घेतली आणि सन्मानपत्र समोर ठेवून, जाधव सुरुंगांच्या पट्ट्यावरून जितक्या वेळा गेले तितक्या टाचण्या रांगोळीच्या रेघेवर टोचल्या. कंपनीबरोबर खाली उतरताना एक. पहिल्या जखमीला वर नेताना दुसरी, परतताना तिसरी. दुसऱ्या जखमीबरोबर चौथी. ठाण्यांवर जायला उतरताना पाचवी. ग्रेनेड आणायला वर सहावी, घेऊन खाली सातवी. शेवटी माथ्यावर जाताना आठवी.

तो पट इतिहासाच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला आहे, टाचण्यांसकट. मशीनगन या वेळी बरोबर दिशेला बघताहेत. सुभेदार साहेबांनी तपासून पाहिले आहे.

सरावासाठी

१. १ सेंटिमीटर = १० मीटर या मापात १८० × १२० सेंटिमीटरच्या टेबलावर किती लांब-रुंद जमीन मावते? त्यात पल्ला मोजावा लागणारी आणि न लागणारी शस्त्रे वेगळी लिहा.

२. व्हिकर्सच्या एका गनला जलद माऱ्यात दहा मिनिटांसाठी किती गोळ्या लागतील? त्या आणायला किती माणसे द्याल? कारण लिहा.

३. नाईक घाडगे यांचा प्रसंग १५ मिलिमीटरच्या सैनिकांनी मांडा. गनचा बेस चार गड्यांचा करा. गन निकामी झाल्यावर गड्यांसाठी कोणता नियम कराल?

४. पुठ्ठ्याची पट्टी घेऊन शाळेच्या मैदानाच्या आराखड्यावर एकच मशीनगन अशी ठेवा की जास्तीत जास्त जमीन बगलेच्या माऱ्याखाली येईल. मग शत्रूच्या बाजूने विचार करून तिला न दिसणारी जागा शोधा.

५. पालकांसाठी : मुलाने परात मागितली तर कृपया द्यावी. धुऊन परत मिळेल.